शिवणीची संमती

आमच्या गावात लाकडावर डाग देऊन नक्षी काढायची असेल, तर आधी त्या लाकडाची लेखी संमती लागते. सागवान सहसा देत नाही, त्याला आपल्या रंगाचा फार तोरा. आंबा लगेच हो म्हणतो आणि मग तक्रारी करत बसतो. म्हणून नवशिक्यांनी शिवणीच्या लाकडाकडे जावं, असं वखारीतले मोडक सगळ्यांना सांगतात.

माझी बायको हेमलता शाळेतून निवृत्त झाली, त्याच आठवड्यात तिने विजेवर तापणारं पेन आणलं.

"दारावर पाटी करायची आहे."

"पाटी आहे की," मी म्हणालो.

"अहो, ती तुमची आहे."

एकतीस वर्षं दारावर 'य. गो. खांबेटे' एवढंच होतं, आणि मला ते कधी खटकलं नव्हतं.

वखारीत मोडकांनी शिवणीची एक फळी टेबलावर उभी केली आणि अर्ज पुढे ओढला. नकार आला तर वर्षभर दुसरा अर्ज करता येत नाही, हेही बजावलं.

"काय काढणार?" फळीने विचारलं.

"नावं. दोघांची."

"आधी कधी काढलंय?"

"नाही. पण तीस वर्षं खडूने लिहिलंय."

"खडूने चटका बसत नाही, बाई. माझ्याच एका तुकड्यावर पंधरा दिवस हात बसवा. मग बघू."

मोडकांनी तसं नोंदवलं आणि फळीचा वीतभर तुकडा कापून दिला.

हेमलता रोज सकाळी त्यावर स्वतःचंच नाव काढायला बसे. हात हलका होता, रेघ सरळ होती. पण प्रत्येक अक्षर झालं की मागे वळून वर्गाकडे बघायची तिची जुनी सवय. बघेपर्यंत पेन जागच्या जागी, आणि तिथे काळाकुट्ट ठिपका.

"मागे कुणी नाही, बाई," तुकडा दर वेळी शांतपणे सांगायचा.

दहाव्या दिवशी तिचे डोळे भरून आले. मला राहवेना. मी खुर्ची उचलली आणि तिच्या समोर जाऊन बसलो. वर्ग समोर आल्यावर तिला वळायचं कारण उरलं नाही. उरलेल्या कोपऱ्यात तिचं नाव एकही ठिपका न पडता उमटलं.

सोळाव्या दिवशी वखारीत फळीने तुकडा तपासला आणि संमती दिली. पण तुकड्याने हरकत घेतली.

"चटके मी सोसलेत. दारावर मी जाणार."

मोडकांनी नियम पाहिले. तुकड्याचं म्हणणं बरोबर होतं. फळीने समजूतदारपणे माघार घेतली.

"माझं नाव कुठे बसवायचं?" मी विचारलं.

"जागा नाही," तुकडा म्हणाला. "आणि शेजारी दुसरी पाटी चालणार नाही."

हेमलताने माझ्याकडे पाहिलं. मी घरी येऊन जुन्या पाटीचे स्क्रू काढले आणि तिथे तुकडा बसवला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. उलट दार छान दिसत होतं.

दुपारी गॅसवाला आला. त्याने पाटी वाचली, मग हातातली पावती.

"यशवंत खांबेटे इथेच राहतात ना?"

"हो," मी पाटीकडे बोट दाखवून म्हणालो. "मी यांच्याकडेच असतो."

त्याने मान डोलावली आणि सिलिंडर आत आणून ठेवला.