टायवाला पाहुणा आणि पिशवीवाली बाई

रविवारी सकाळी दशरथकाकांनी एकच गोष्ट ठरवली. डायनिंगची एक खुर्ची खाली न्यायची आणि सोसायटीच्या गेटवर टाकून बसायचं. बस्स, एवढंच. आता खुर्ची खाली नेण्यात असं काय वाईट होणार? लिफ्ट बंद होती म्हणून चौथ्या माळ्यावरून खुर्ची डोक्यावर घेऊन उतरले आणि वाटेत जिन्यातला बल्ब फोडला, ते आपण सोडून देऊ. पण पुढे त्या खुर्चीपायी जे काय झालं ना, ते बेव्हर्ली पार्कातले लोक अजून चहाबरोबर बिस्कीट खावं तसं चवीने सांगतात.

झालं होतं असं. काकांची मुलगी स्वप्नाली हिला एक स्थळ आलं होतं. मुलगा कौस्तुभ, भाईंदर वेस्टचा, मोरव्याच्या बाजूला राहणारा. दोघं एका हॉटेलात भेटली. एक-एक कॉफी घेऊन इतका वेळ बसली, की वेटरने शेवटी त्यांच्या टेबलाखाली झाडू मारायला घेतला. त्या दिवसापासून स्वप्नाली भांडी घासताना गाणी म्हणायला लागली. ज्या मुलीने आजवर भांडी घासताना फक्त भांडी आपटली होती, ती! सुचेताकाकी काय ते समजल्या.

मग मध्यस्थांचा फोन आला. "पत्रिका जुळली, मुलगी पसंत. आता फक्त चौकशी राहिली. रविवारी त्यांच्याकडून कोणीतरी येईल, शेजारीपाजारी विचारून जाईल. कोण ते सांगत नसतात, तुम्हाला माहितीच आहे."

काकांना माहिती नसायला काय झालं! मागच्याच आठवड्यात ते स्वतः मोरव्याला जाऊन कौस्तुभच्या घराची चौकशी करून आले होते. फाटका शर्ट घालून, कोणाला ओळखू येऊ नये म्हणून. चौकशी म्हणजे काय, तर समोरच्या टपरीवर उभं राहून त्यांची गॅलरी बघितली. दोरीवर मुलाच्या बापाचे बनियन वाळत होते आणि एकालाही भोक नव्हतं. "माणूस उधळ्या आहे," काकांनी घरी येऊन रिपोर्ट दिला.

काकांचं म्हणणंच असं, की माणूस बघितला की त्याची कुंडली कळते. बोलायची गरज नाही. बोललं की उलट घोळ होतो.

आणि खरी भीती तिथेच होती. चौकशीला आलेला माणूस शेजारी विचारणार. शेजारी म्हणजे समोरचं दार. समोरच्या दारात व्हिन्सेंट.

व्हिन्सेंट मूळचा उत्तनचा. अंगाने कपाटाएवढा, दंडावर नांगराचा टॅटू, मिशी अशी की वर दोन कबुतरं बसतील. राहायला आला त्या दिवशी त्याच्या टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड उतरलं. काकांनी दाराच्या भिंगातून ते बघितलं आणि आत येऊन जाहीर केलं, "स्मगलर आहे. अंगाला डिझेलचा वास येतो. माल समुद्रातून येतो, काशीमिऱ्याला उतरतो, तिथून पुढे ट्रकने जातो." (काशीमिऱ्याचा ट्रक कोणता आणि कुठे जातो हे काकांना काही माहीत नव्हतं. पण वाक्य भारी वाटलं.)

"पप्पा, ते बोटींची इंजिनं दुरुस्त करतात," स्वप्नाली म्हणाली होती. "मी विचारलंय त्यांना."

"विचारून कोणी खरं सांगतं का?"

झालं. दाराला दुसरी कडी लागली. दोन वर्षं समोरासमोर राहून काका त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. आणि आता तोच माणूस आपल्या मुलीच्या लग्नावर मत देणार! म्हणून खुर्ची. पाहुण्याला गेटवरच पकडायचं आणि समोरच्या दाराची बेल वाजायच्या आत आपल्या घरात घालायचं.

"पप्पा, प्लीज," स्वप्नाली रडकुंडीला आली. "तुम्ही काही करू नका. पेपर वाचा, झोपा. मला हे लग्न करायचंय हो."

"म्हणूनच तर चाललोय," असं म्हणून काका खुर्ची घेऊन उतरले.

गेटवर आधी आली एक बाई. पन्नाशीपुढची, रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी, घामाने पार भिजलेली. "भाऊ, जरा सावलीत बसू का? फार ऊन आहे."

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. कुंडली कळली : पापड, फार तर लोणची.

"चांगली दिसते हो सोसायटी," बाई म्हणाली. "माणसं कशी आहेत इथली?"

"माणसं चांगली आहेत, म्हणूनच विकणाऱ्यांना आत सोडत नाही. आम्ही पापड घरी करतो." (सुचेताकाकींनी घरी पापड केल्याला एक तप झालं असेल.)

"अहो, पण मी—"

"शिवा! बाईंना गेटच्या बाहेर कर."

शिवा वॉचमन बिचारा उठला. "साब, धूप बहुत है, बैठने दो ना दो मिनिट."

"आज बैठने दिया तो कल दुकान लगायेगी!"

बाईने काकांकडे नीट बघून घेतलं आणि बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात रिक्षातून उतरला एक टायवाला. बूट असे चकचकीत की काकांना त्यात स्वतःचं टक्कल दिसलं. हातात मोठी बॅग, केस एका बाजूला चापून बसवलेले. "गुड मॉर्निंग सर, मी नीरज. दोन मिनिटं बोलायचं होतं फॅमिलीविषयी."

फॅमिलीविषयी! काकांनी त्याचा हातच धरला. "इथे नको, वर चला. मी चाळके. तुमचीच वाट बघत होतो."

नीरज थोडा घाबरला. त्याच्या धंद्यात कोणी वाट बघत नसतं. लोक दार लावतात, मागे कुत्रं सोडतात.

वर आल्यावर त्याच्यापुढे पोहे आले, शेव आली, मग शिराही आला. स्वप्नाली पाणी घेऊन आली, तर नीरजने ग्लास उजेडासमोर धरला आणि डोळा बारीक केला.

"पाणी कुठलं पिता, सर?"

'बघ, किती खोलात जातात!' अशा अर्थाने काकांनी काकींना भुवई उडवून दाखवली. "येतं ते टँकरचं. पण आमच्याकडे उकळूनच. संस्कार आहेत."

"घरात कोणाला पोटाचा त्रास?"

"सात पिढ्यांत नाही!"

नीरजचा चेहरा पडला. "बरं, केस गळतात का कोणाचे?"

काकांचा हात आपोआप डोक्यावर गेला. "हे टेन्शनने गेलेत. खानदानी नाही. मुलीची वेणी बघा पाहिजे तर. स्वप्नाली, पाठ कर."

"पप्पा!"

"सर, मग किचनची भिंत बघू का?"

"बघा ना, सगळं घर बघा! आमच्यात लपवाछपवी नाही." नीरज बॅग घेऊन किचनमध्ये गेला. काका खूश. आणि त्याच वेळी बाहेर जिन्यात आवाज आला. काका उडी मारून भिंगाला डोळा लावून उभे राहिले.

तीच पापडवाली! व्हिन्सेंट तिला हाताला धरून वर आणत होता, दुसऱ्या हातात तिची पिशवी.

"या मावशी, सावकाश. पंख्याखाली बसा, बायको कॉनी सरबत करतेय. उन्हात उभी करणारा माणूस हाय का कोण!"

दार उघडं ठेवूनच दोघं आत गेली. काका भिंगाला चिकटलेले. बराच वेळ समोर बाई काहीतरी विचारतेय, व्हिन्सेंट मान डोलावतोय, मध्येच आपल्या दाराकडे बोट दाखवतोय.

"सुचेता," काका कुजबुजले, "ती पापडवाली नाही. त्याची माणूस आहे. पिशवीत माल आहे आणि टिप आपल्या घराची देतायत."

"अहो, असू दे ना. पाहुणे बसलेत घरात."

पण काकांच्या डोक्यात भलतंच शिरलं. पाहुण्यासमोर आपण स्मगलर पकडला तर? असा सासरा कोणाला नको असेल? त्यांनी दोन्ही कड्या काढल्या, तीन ढांगांत समोरच्या हॉलमध्ये पोचले आणि बाईच्या पिशवीला हात घातला.

"काय आहे यात? दाखवा!"

"अहो, सोडा!" बाईने दुसरा बंद धरला. ओढाओढीत बंद तुटला आणि पिशवी फरशीवर रिकामी झाली. छत्री, चष्म्याचं घर, चार लिंबं आणि एक फोटो.

फोटोत स्वप्नाली. अबोली साडीतली.

इथे तरी माणसाने थांबावं की नाही? पण थांबतील ते काका कसले! "माझ्या मुलीचा फोटो? तुमच्याकडे? शिवा! पोलिसांना बोलव! हे पोरी पळवणारे आहेत!"

"ओ दशरथभाऊ, हळू बोला," व्हिन्सेंट म्हणाला. "मावशींना बीपी हाय."

बाईने लिंबं गोळा केली, चष्मा घातला आणि शांतपणे म्हणाली, "मी मंदा. कौस्तुभची आत्या. फोटो तुम्हीच पाठवलात."

काकांच्या हातून पिशवीचा तुटका बंद गळला. आणि तेवढ्यात काकांच्या किचनमधून घुर्रर्र करून ड्रिल मशीन सुरू झालं.

"सर," आतून नीरज ओरडला, "प्युरिफायर सिंकच्या वर लावू की बाजूला? एक भोक मारून झालंय!"

सुचेताकाकी दारातच खाली बसल्या. मागे उभ्या स्वप्नालीचे डोळे भरले. ते बघून काकांनी हात जोडले.

मंदाआत्यांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या व्हिन्सेंटला म्हणाल्या, "तुमचं अर्धं राहिलं होतं. मुलीचं सांगितलंत. आता बापाचं सांगा."

काकांनी डोळे मिटले. दोन वर्षांच्या दोन कड्या त्यांना आठवल्या.

व्हिन्सेंटने मिशी चोळली. "पोरीचा सांगितला ना, कॉनी पडली तवा हीच रिक्षा करून हॉस्पिटलात घेऊन गेली, रात्रभर तिकडेच बसली. बापाचा मी काय सांगू मावशी? आमची अजून ओळखच न्हाय झाली. ओळख न्हाय त्या माणसाला वाईट कसा बोलू?"

आत्या "बरं" म्हणाल्या, सरबत संपवलं, तुटक्या पिशवीला गाठ मारली आणि निघाल्या. व्हिन्सेंट त्यांना स्कूटरवरून सोडायला गेला.

पुढचे दोन-तीन दिवस चाळक्यांच्या घरात फक्त भांडी आपटल्याचा आवाज येत होता. काका गपचूप समोर जाऊन व्हिन्सेंटला सॉरी म्हणून आले. त्याने त्यांना बसवून सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली. काकांनी दोनदा मागून घेतली आणि घरी काही सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. सुचेताकाकींनी घेतला. "हो... हो... अय्या, खरंच?" फोन ठेवून त्यांनी आधी स्वप्नालीला मिठी मारली. "होकार आहे गं!"

स्वप्नाली कौस्तुभला फोन लावायला आत पळाली. काका खुर्चीत सरळ झाले. गेलेला सगळा रंग तोंडावर परत आला.

"काय म्हणाल्या आत्या? घराणं आवडलं असणार."

"म्हणाल्या, आमचे दादा, म्हणजे कौस्तुभचे वडील, फार विक्षिप्त आहेत. कोणावरही संशय घेतात, कोणाशीही भांडतात. त्यांच्यापुढे सून टिकेल का, एवढीच काळजी होती."

"मग?"

"मग म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांना बघितलं आणि काळजी मिटली. जी मुलगी जन्मापासून यांच्याबरोबर राहून एवढी शहाणी राहिली, तिला आमच्या घरात काहीच जड जाणार नाही."

काका मग मान हलवून म्हणाले, "म्हणजे शेवटी माझ्यामुळेच जमलं."

"हो," काकी म्हणाल्या, "त्याही तेच म्हणत होत्या."