मामाच्या खाटेखालचा फणस

ब्रह्मा घाटावरचे दामूअण्णा विनोद ऐकून लगेच हसत नाहीत. आधी डोळे मिटून तो मनात सुलटा म्हणतात, मग उलटा, आणि दोन्हीकडून शाबूत राहिला तरच हसतात. तोवर सांगणारा बिचारा चहा संपवून जिन्यापर्यंत पोचलेला असतो.

यात त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं पाठशाळेत वेद शिकवले. घनपाठी माणूस, ऋचेतली पदं पुढून मागून, मागून पुढून म्हणायची सवय. कुणाचा एक स्वर चुकला तर झोपेतून उठून सांगतील. तीच कसोटी त्यांनी टीव्हीवरच्या हास्यमालिकांना लावली, एवढंच.

मी बँकेच्या बदलीवर नागपूरहून काशीला आलो आणि अण्णांच्या खालच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला वर बोलावलं. मला वाटलं, पाण्याच्या वेळा सांगणार. तर म्हणाले, "तुमचं मत काय? जुन्या मालिका टिकतील की नव्या?"

केबल नुकती गल्लीत शिरली होती. नव्या मालिकांत कुणी नुसतं "या, बसा" म्हटलं तरी मागून शंभर माणसं खिदळायची. अण्णांचा तिळपापड व्हायचा. "भाडोत्री हसणं हो हे! आम्हाला विचार करायला श्वासभर तरी जागा द्या!"

त्यांची नात शुभा विश्वविद्यालयात एम.ए. करत होती. ती म्हणायची, "आजोबा, तुमच्यावाल्या सीरियल फार स्लो आहेत. मजाक येईपर्यंत माणूस सोऊन जातो." मी शुभाच्या पक्षाचा. जुन्या मालिका आठवणीतच बऱ्या, आज पुन्हा पाहिल्या तर जांभया येतील, हे मी अण्णांना तोंडावर सांगत असे. मला वाद घालायची वाईट खोड आहे.

"प्रमाण देतो," म्हणून अण्णा मामाच्या मालिकेवर यायचे. दोन दिवसांसाठी आलेला मामा भाच्याच्या घरातून हलतच नाही, अशी ती दिल्लीत बनलेली, दहा वर्षांपूर्वीची हिंदी मालिका. त्यातही एक प्रसंग त्यांचा हुकमी. मामा कुणाचा तरी पिकलेला फणस आणून खाटेखाली लपवतो. वास घरभर सुटतो. सगळे नाकं वर करून खोल्याखोल्यांतून फिरतात, आणि मामा गंभीरपणे सांगतो, "माझं अत्तर आहे ते. लखनौचं." अण्णा हे सांगताना स्वतः नाक वर करून बसायच्या लाकडी तक्तपोसाभोवती फिरत. मी तो प्रसंग पन्नासदा ऐकला असेन, आणि खोटं कशाला बोलू, पन्नास वेळा हसलो.

अण्णांच्या पत्नीला, माईंना, मी पाहिलेलं नाही. मी येण्याआधीच त्या गेल्या. शुभा सांगायची, आजी कोकणातली, राजापूरची. उभा जन्म काशीत काढूनही तिला हिंदी आली नाही, भाजीवाल्याला मात्र मराठी आली. म्हणून मालिका लागली की अण्णा शेजारी बसून एकेक वाक्य तिला मराठीत सांगायचे.

एके दिवशी कळलं की मामाची मालिका दुपारी पुन्हा दाखवणार आहेत. अण्णांनी घाटाच्या पायऱ्यांवर, देवळात, दूधवाल्याकडे, सगळीकडे दवंडी पिटली. फणसाच्या भागाला मला बजावलं, "अर्धी रजा टाका. आज निकाल आहे." त्या अर्ध्या तासात वीज जाऊ नये म्हणून संकठादेवीला नारळ बोलले होते.

देवी पावली. वीज राहिली. मामा खाटेवर येऊन पसरला. अण्णा प्रत्येक वाक्य त्याच्याआधी म्हणत होते आणि एक अक्षर चुकत नव्हतं. हसू मात्र कुणालाच येत नव्हतं. शुभानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"आता बघा," अण्णा पुढे सरकले. "आता खाली वाकणार."

मामा वाकला नाही. त्यानं आणखी एक चहा मागितला, कूस बदलली आणि भाग संपला.

"कापलं!" अण्णा ओरडले. "मूळ पाठात हात घातला यांनी!"

शुभा हळूच म्हणाली, "आजोबा, दिल्लीवाल्यांच्या मजाकमध्ये पिकलेला फणस कुठून येणार? इकडे तर कटहल कच्चाच कापून भाजी करतात."

अण्णांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. पुढून, मग मागून. टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम सुरू झाला तरी कुणी उठून तो बंद केला नाही.

"प्रक्षिप्त आहे," अखेर ते म्हणाले. मग मला समजावं म्हणून, "मूळचं नाही. मागून घातलेलं. मीच घातलंय."

शुभा सरकून त्यांच्या जवळ बसली.

"माईचे वडील गेल्याचं पत्र आलं होतं. इतक्या लांबून जाणं झालं नाही. महिनाभर तोंडावर हसू नाही. त्या दिवशी टीव्हीवर हा मामा नुसता चहा मागत होता. मी म्हटलं, अगं बघ, त्यानं फणस लपवलाय. तर इतकी हसली... मग घालतच गेलो, दर आठवड्याला. आणि ती गेल्यावर रोज म्हणत राहिलो सगळं. त्यांचं कुठलं, माझं कुठलं, काही राहिलं नाही."

मी वाद जिंकलो होतो. मालिका टिकली नव्हती. जिंकून इतकं ओशाळं मला कधी वाटलेलं नाही.

"अण्णा, सगळ्यात चांगलं तेच होतं हो," मी म्हणालो.

"ती पण तेच म्हणायची. डोळे पुसायची आणि विचारायची, हे लिहितं तरी कोण हो? एकदा भेटायला हवं त्याला."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो, दिल्लीला असतो तो. फार लांब."