काळ्या काठाचा कागद

फाटकावर कागद नीट बसेना, म्हणून गेत्सोने पेटीतून काळी इन्सुलेशन टेप काढली. चाळीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट चिकटवायला ती टेप पुरते. चारही कडांना ती चौकटीसारखी लावून तो दोन पावलं मागे सरला. कागदावर जाड काळ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'गेट'.

"झालं समाधान?" त्याची बायको झ्लात्का ओरडली. "बस चुकली तर पोरीला जमिनीवर झोपवशील काय?"

पोरगी म्हणजे नात, रोझी. वय वर्षं सहा. मुलगी इस्क्रा इंग्लंडात नर्स होती, जावई तिकडचाच, त्यामुळे रोझीला बल्गेरियनचा गंधही नव्हता. तीन वर्षांपूर्वी ती आली, तेव्हा गेत्सो आठ दिवस तिच्याशी बल्गेरियनमध्ये बोलला. तिला कळेना, तसतसा तो आवाज चढवत गेला. शेवटी ती घाबरून आईच्या मागे लपली आणि जाईपर्यंत त्याच्याजवळ फिरकली नाही. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. आज संध्याकाळी ती पुन्हा येणार होती, आणि या खेपेला तिच्याशी तिच्या भाषेत बोलायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

शिकवणी गावच्या ग्रंथपाल वेंकाबाईंची. ज्या वस्तूचा शब्द हवा, त्या वस्तूवरच तो चिकटवा, ही त्यांची पद्धत. महिनाभरात टेबल, खुर्ची, विहीर, अक्रोडाचं झाड आणि कुत्र्याचं घर इंग्रजी झालं. झ्लात्का तेवढी सुटली. "मला चिकटवून बघ, मग शिकवते तुला इंग्रजी," असं ती म्हणाली होती. आजचं फाटक धरून एक्केचाळीस शब्द झाले. गाडं अडलं ते एका वाक्यावर.

"कुणी 'हाउ आर यू' विचारलं, की म्हणायचं, 'आय ॲम फाइन, थँक यू'," वेंकाबाईंनी सांगितलं होतं. "म्हणजे, मी मजेत आहे."

गेत्सोला ते काही पटेना. त्यांच्या गावात 'कसा आहेस' विचारलं की उत्तर गुडघ्यापासून सुरू व्हायचं आणि सरकारपर्यंत जाऊन थांबायचं. मजेत आहे म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढत.

"आणि गुडघा दुखत असेल तर?"

"तरी मजेत."

"छप्पर उडालं असेल तर?"

"तरी मजेतच. तिकडे तसंच बोलतात."

"काय खोटारडी जात आहे!" गेत्सो म्हणाला. पण नातीसाठी त्याने ते पाठ केलं, बकरीची धार काढताना तिलाच ऐकवून ऐकवून.

नऊच्या बसने नवरा-बायको तालुक्याला गेले, रोझीसाठी घडीची खाट आणायला. सव्वानऊला समोरची त्सेना आजी बाहेर आली आणि तिला फाटकावर काळ्या काठाचा पांढरा कागद दिसला.

आता त्या गावात फाटकावर असा कागद एकाच कारणासाठी लागतो. घरात कुणी गेलं, की फोटोसकट निधनाचा कागद फाटकावर, खांबावर, बस थांब्यावर लावायचा. तो वाचायला चष्मा लागत नाही. आजीने छातीवर क्रुसाची खूण केली आणि हिशेब मांडला. घरात माणसं दोन. झ्लात्का काल पाव घेताना टुणटुणीत होती. तेव्हा गेला तो गेत्सोच. दाराला कुलूप, म्हणजे झ्लात्का त्याला घेऊन तालुक्याच्या इस्पितळात गेली असणार.

"पण अक्षरं परकी आहेत गं," शेजारीण म्हणाली.

"पोरीने पाठवला असेल छापून. तिकडे माणूस इंग्रजीतच मरतो."

दुपारी चारला बसमधून उतरताना गेत्सोच्या डोक्यावर खाट होती, म्हणून थांब्याचा खांब आधी झ्लात्काला दिसला.

"गेत्सो," ती म्हणाली, "तू मेलास."

"कधी?"

"आजच. फोटो बरा आलाय."

फोटो त्याच्या साठीच्या समारंभातला होता. खाली सरपंच व्हल्चोच्या सहीने मजकूर होता: 'प्रामाणिक माणूस, सोन्यासारखे हात, गावाचा दिवा विझला.' याच व्हल्चोने गेल्या वर्षी चावडीवरचे दिवे गेले, तेव्हा भर चौकात त्याला भोंदू म्हटलं होतं. सात महिने दोघांत बोलणं नव्हतं. गेत्सोने मजकूर दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला लागला, तेव्हा झ्लात्काने त्याला ढकललं.

अंगणात सगळा गाव काळे रुमाल बांधून उभा होता. अक्रोडाखाली मृताच्या नावाने उकडलेल्या गव्हाचं पातेलं होतं. पायरीवर ड्रिल मशीन होतं, तीन वर्षांपूर्वी शेजारच्या निन्कोने दोन दिवसांसाठी नेलेलं. मेलेल्याची वस्तू घरात नको, म्हणून त्याने ते पुसून-बिसून आणून ठेवलं होतं. गेत्सो खाट घेऊन आत शिरला, आणि दोघी-तिघी किंचाळून मागे सरल्या.

पहिली सावरली त्सेना आजी. मेलेल्याला फुलं सम संख्येने द्यायची, जिवंताला विषम. तिने हातातल्या सहा फुलांतलं एक काढून टाकलं आणि उरलेली पाच त्याच्या हातात दिली.

"हे बरं नाही, गेत्सो," सरपंच म्हणाला. "तीस प्रती काढल्या मी. आधी सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगायचं होतं? की मी जिवंत आहे?"

"कागद लावला तो कुणी? तूच ना? मग गावाने काय समजायचं?"

"बरोबर आहे," निन्को म्हणाला आणि हळूच ड्रिल उचललं. "माझं एक फळीचं काम राहिलंय."

एवढ्यात फाटकाशी गाडी करकचून थांबली. वाटेत खांबाखांबावर बापाचा फोटो बघत आलेली इस्क्रा ओरडतच धावली, बापाच्या गळ्यात पडली, मग मागे होऊन तिने त्याला तपासलं आणि पुन्हा रडली. तिच्या मागून रोझी आली. तिने फाटकावर आता डकवलेल्या काळ्या चौकटीतल्या फोटोकडे पाहिलं. मग अंगणातल्या काळ्या रुमालांकडे, मेणबत्त्यांकडे आणि मधोमध खाट-फुलं घेऊन उभ्या असलेल्या त्याच आजोबांकडे पाहिलं. ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिकडच्या रीतीप्रमाणे अदबीने म्हणाली,

"हाउ आर यू?"

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस शब्द गेत्सोच्या डोक्यातून पळून गेले. त्याने खाट खाली ठेवली, टोपी काढली, आणि या वेळी आवाज अजिबात न चढवता म्हणाला,

"आय ॲम फाइन, थँक यू."

रोझी खुदकन हसली. उत्तर तिला अगदी बरोबर वाटलं असावं. तिने त्याचं बोट धरलं आणि त्याला विहिरीकडे ओढत नेलं.

"काय म्हणाला गं तो?" त्सेना आजीने इस्क्राला विचारलं.

"म्हणाले, मी मजेत आहे."

आजी पातेल्यातला गहू वाटीत काढता काढता थांबली.

"साठ वर्षं बघतेय याला," ती म्हणाली. "जिवंत होता तोवर एकदा म्हणाला नाही!"