शिओमाचीची प्रेक्षणीय रांग

जे पाहायला रांग लागत नाही ते पाहण्याजोगं नसतं, हे पर्यटनाचं मूलतत्त्व आता जगभर मान्य झालं आहे. यावरून, जिथे रांग आहे तिथे पाहण्याजोगं काहीतरी असलंच पाहिजे, हे ओघानेच येतं. ओसाकाच्या शिओमाची बाजारपेठेने हे वेळीच ओळखलं आणि तिचा भाग्योदय झाला. (रहिवाशांचा वेगळा विचार करायची प्रथा तिथे नाही.)

या भाग्योदयाचं श्रेय इसोगाई तोमिए या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंना जातं. बाई गेले आठ महिने रोज अकराची बस पकडतात. त्यांचे यजमान कान्झो पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, तेव्हापासून रुग्णालयातच आहेत. तिथे बाराला जेवणाचं ताट येतं आणि बारा चाळीसला उचललं जातं. कान्झो फक्त बायकोच्या हातून जेवतात. परिचारिकेने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेतात. बावन्न वर्षांच्या संसारात बायकोचं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी बस चार मिनिटं उशिरा आली. (कंपनीने लेखी माफी मागितली.) तेवढ्यात तोमिएबाईंच्या मागे नागोयाहून आलेलं एक जोडपं येऊन उभं राहिलं. तिघं उभी दिसली म्हणून आणखी पाच जण आले. बस आली तेव्हा मागे बावीस माणसं होती. बाई चढल्या. बाकी कुणीच चढलं नाही, कारण बससाठी कुणी उभंच नव्हतं. रांग एक पाऊल पुढे सरकली आणि तिच्यासमोर आलं ते छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाचं गंजलेलं शटर, अकरा वर्षं बंद असलेलं. नागोयाच्या नवऱ्याने शटरचा फोटो काढला, बायकोने वाकून नमस्कार केला आणि दोघं समाधानाने बाजूला झाली. मागच्यांनीही तेच केलं. पुढचा करतो ते मागचा करतो, यालाच तर संस्कृती म्हणतात.

महापालिकेच्या पर्यटनवृद्धी कक्षाच्या पाहणीनुसार रांगेतले बासष्ट टक्के लोक उभं राहिल्यावर 'कशाची रांग?' असं विचारतात, एकतीस टक्क्यांना विचारायची लाज वाटते आणि सात टक्क्यांना हा प्रश्नच पडत नाही. सर्वोत्तम अभिप्राय या सात टक्क्यांचे असतात. 'शांत. अस्सल. पन्नास मिनिटं लागली, पण चीज झालं.'

कक्षाने तत्परतेने दोऱ्या बांधल्या आणि 'रांगेचा शेवट इथे' अशी पाटी दिली. ही पाटी शेवटच्या माणसाने हातात धरायची आणि नवा माणूस आला की त्याच्याकडे सोपवायची, अशी तिकडची सभ्य रीत आहे.

पुढच्या सोमवारी तोमिएबाई पाहतात तो रांग त्यांच्या थांब्यापासून सुरू होऊन दोन गल्ल्या वळसा घालून गेलेली. कुणीही म्हणेल, सरळ पुढे जावं, थांबा आपलाच आहे. पण बाईंनी जन्मात कधी रांग मोडली नव्हती. त्या शेवटच्या माणसापुढे वाकल्या, पाटी हातात घेतली आणि स्वतःमुळेच लागलेल्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. शटरपर्यंत पोचायला पंचावन्न मिनिटं लागली. त्या रुग्णालयात शिरल्या तेव्हा ताट गेलेलं होतं आणि कान्झो दाराकडे बघत होते. बाईंना स्वतःचीच भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कक्षाच्या कचेरीत गेल्या.

"इसोगाईसान! या, या," म्हणत कक्षप्रमुख हिरुकावा उठून कमरेत वाकले. "तुमच्यामुळेच हे सगळं!"

"अहो साहेब, पण तिथे पाहायला काहीच नाहीये!"

"तेच तर लोकांना आवडलंय. बाकी सगळीकडे काही ना काही असतंच हो."

"काल दुपारी ह्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही."

हिरुकावांचा चेहरा खरोखर पडला. त्यांनी ते लिहून घेतलं. "थांब्यामुळे रांगेला अडचण होते हे आमच्याही लक्षात आलंय. आजच थांबा हलवतो."

"रांग हलवा ना!"

"रांग कशी हलवणार? ती प्रेक्षणीय आहे."

थांबा सहाशे मीटर लांब गेला. जुन्या जागी गैरसोयीबद्दल क्षमा मागणारा फलक लागला, त्यावर वाकून नमस्कार करणाऱ्या गुबगुबीत शटरचं चित्र काढलेलं. नव्या थांब्यावर रांगेतून कृतार्थ होऊन आलेले पर्यटक आधीच उभे असत. बस भरून जाई आणि बाई खाली राहत. बुधवारी त्या पोचल्या तेव्हा ताट उचलायला दोन मिनिटं होती. चार घास झाले.

गुरुवारी तोमिएबाईंनी चौऱ्याहत्तर वर्षांत केलं नव्हतं ते केलं. दोरी ओलांडून त्या शटरपुढे उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अरे, इथे काही नाही! गंजकं पत्र्याचं दार आहे मेल्यांनो! घरी जा! माझा म्हातारा उपाशी बसलाय तिकडे!"

मग टाळ्या पडल्या. साप्पोरोहून आलेल्या एका बाईंनी डोळे टिपले आणि अदबीने विचारलं, "आजी, परत एकदा म्हणाल का? माझं रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

कक्षाच्या पत्रकात आता 'स्थानिक भावनांचं थेट दर्शन' असं सदर आहे. तोमिएबाई रांगेकडे फिरकत नाहीत, म्हणून पत्रकात नव्या थांब्याचा नकाशा दिला आहे.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. कक्षाकडे त्याचीही नोंद आहे. 'सहृदय पर्यटक' हा गट अलीकडे सर्वांत वेगाने वाढतो आहे. हे लोक 'आम्ही त्या मेंढरांतले नव्हे' असं म्हणत येतात, शटरकडे ढुंकूनही पाहत नाहीत, थेट थांब्यावर जाऊन बाईंचे दोन्ही हात हातात घेतात आणि कान्झोंची आस्थेने चौकशी करतात. माणशी सरासरी चार मिनिटं लागतात. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता बसमध्ये चढणं बाईंना अजून जमलेलं नाही. खास तुमच्यासाठी मराठी पत्रक छापायला गेलं आहे. अवश्य या. ताट बारा चाळीसला उचलतात, तोवर तुमचा फोटो नक्की झालेला असेल.