सेलूकरांच्या गॅरेजचे निर्लेखन

पडेगावच्या आमच्या कॉलनीत व्यंकटराव सेलूकर यांच्या घराला गॅरेज आहे. नकाशात त्याची नोंद 'वाहनतळ' अशी असली, तरी घर बांधल्यापासून तिथे चार चाकांचे वाहन शिरलेले नव्हते. ही बाब कुणाला खटकतही नव्हती. सेलूकरांकडे गाडी नव्हती आणि गॅरेज भरलेले होते. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचीही गॅरेजे भरलेलीच आहेत, त्यामुळे त्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात. थोडक्यात, व्यवस्था सुरळीत चालू होती.

ती बिघडवली दमयंतीबाईंनी. दमयंतीबाई म्हणजे व्यंकटरावांच्या पत्नी, निवृत्त शिक्षिका. त्यांची निम्मी नोकरी फर्दापूरच्या शाळेत झाली. सोमवारी पहाटेच्या एसटीने उभ्याने जायचे आणि शनिवारी उभ्यानेच परत यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता क्रांती चौकाजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले, पहिल्याच खेपेला लायसन्स मिळवले आणि पुण्यातल्या मुलाला, शंतनूला, फोन केला.

"मला एकदा फर्दापूरला बसून जायचंय," त्या म्हणाल्या. "तेही पुढच्या सीटवर. उजवीकडच्या."

शंतनू आईवर खूश झाला. दसऱ्याला छोटी गाडी घेऊन देतो म्हणाला, पण गाडी गॅरेजमध्येच राहिली पाहिजे, ही अट घातली. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो आणि सेलूकरांच्या घरासमोरच वळतो. तिथे गाडी उभी केली तर टँकर अडेल. टँकर अडवणाऱ्या माणसाला आमच्या शहरात काय काय ऐकावे लागते, हे शंतनूला लहानपणापासून ठाऊक होते. "गॅरेज आवरून फोटो पाठवा, मगच मी बुकिंग पक्कं करतो," असे त्याने सांगितले.

इथून हे प्रकरण व्यंकटरावांच्या अखत्यारीत गेले.

व्यंकटराव एका सरकारी कार्यालयात भांडारपाल होते. सरकारी भांडारात वस्तू येणे सोपे, जाणे महाकठीण. मोडकी खुर्ची टाकायची तर तिचे निर्लेखन करावे लागते. म्हणजे, ही खुर्ची आता खुर्ची राहिलेली नाही, असे एका समितीने लेखी मान्य करावे लागते. व्यंकटरावांच्या अख्ख्या कारकिर्दीत एकाही वस्तूचे निर्लेखन झाले नाही. निरोपसमारंभात ते ज्या खुर्चीवरून कलंडले तीही त्याच भांडारातली होती, आणि उठून उभे राहताना ते अभिमानाने हसत होते.

त्यांनी घरी तातडीने समिती नेमली. अध्यक्ष व्यंकटराव, सचिव व्यंकटराव, आणि दमयंतीबाई निमंत्रित सदस्य. निमंत्रितांना चहा करण्याचा अधिकार होता, मताचा नव्हता.

समितीने प्रथम स्थळपाहणी केली. डाव्या भिंतीला पाण्याचे निळे ड्रम होते. त्यांच्याबद्दल चर्चाच झाली नाही. आमच्या शहरात देवघर हलवता येते, ड्रम हलवता येत नाही. बाकी दोन लोखंडी कूलर होते, किक तुटलेली स्कूटर होती, गणपतीची थर्माकोलची कमान होती, फुटलेल्या पाट्याचा शाबूत वरवंटा होता, आणि घरात आजवर आलेल्या प्रत्येक यंत्राचे खोके होते. टीव्ही केव्हाच गेला होता, त्याचे खोके मात्र वॉरंटीसाठी जपलेले होते. सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून एक दार उभे होते. घर बांधताना ते जास्तीचे आले होते.

समितीने ठराव केला की निरुपयोगी वस्तू टाकाव्यात. मात्र वस्तू निरुपयोगी आहे याची आधी खात्री करावी. खात्री करायची तर ती चालवून पाहावी लागते, आणि चालवून पाहायची तर दुरुस्त करावी लागते. त्यानुसार मेकॅनिक आले. दोन्ही कूलर गार वारा देऊ लागले. स्कूटरला किक बसली आणि तिने फट्फट् करून गल्लीतली कुत्री जागी केली. उपयुक्त ठरलेल्या या वस्तू टाकण्याचा प्रश्नच उरला नाही, म्हणून त्या सन्मानाने परत आत ठेवण्यात आल्या.

हे चालू असताना शेजारचे सांडूअण्णा कुंपणापाशी आले. त्यांची शेती सिल्लोडकडे आणि नोकरी शहरात.

"काका, काय करायलात?"

"निर्लेखनपूर्व तपासणी."

"म्हंजी भंगारात द्यायलात व्हय?"

"निरुपयोगी ठरलं तर देणार."

"अन् चांगलं निघालं तर?"

"चांगली वस्तू कुणी भंगारात देतं का?"

सांडूअण्णांनी जरा विचार केला. "ते बी बरुबर है. पर मंग गाडी कुठं ठिवता?" व्यंकटराव स्कूटर पुसू लागले, तेव्हा सांडूअण्णांची नजर आत गेली. "काका, ते दार सागवानी है का? किती बाय किती?"

गॅरेज तसूभर रिकामे झाले नाही म्हटल्यावर दमयंतीबाईंनी सुनेला, मनस्विनीला, व्हिडिओ कॉल लावला. मनस्विनी पुण्यात लोकांची घरे आवरून देण्याचे काम करते आणि लोक त्यासाठी रांग लावतात. तिने गॅरेज पाहिले आणि निदान केले.

"बाबा, तुम्ही फक्त जमीन वापरताय. उभी जागा वाया चाललीय."

आपल्या घरात काहीतरी वाया चालले आहे, हे ऐकून व्यंकटरावांची झोप उडाली. त्यांनी भिंतींना छतापर्यंत लोखंडी मांडण्या ठोकून घेतल्या. मांडण्यांवर ठेवायला झाकणाचे पारदर्शक डबे आणले. डब्यांत भरायला पुरेसे सामान निघेना, म्हणून ते माळ्यावरून आणले. वरच्या डब्यांपर्यंत हात पोचावा म्हणून घडीची शिडी घेतली, आणि शिडी ठेवायला जागा राहिली नाही म्हणून ती टांगायला छताला कप्पी बसवली. कप्पीपर्यंत पोचायला एक छोटी शिडी लागली. मांडण्या ज्या खोक्यांतून आल्या ती खोकी अर्थातच सर्वांत वर ठेवली गेली.

फोटो मात्र फार सुंदर आला. मनस्विनीने तो लगेच स्टेटसला टाकला, शंतनूने बुकिंग पक्के केले आणि कॉलनी सेलूकरांचे गॅरेज पाहायला लोटली. लोक पाहुण्यांना घेऊन येत. व्यंकटराव काठीने एकेक डबा दाखवत आणि प्रत्येक पाहुणा शेवटी, "ते दार सागवानी आहे का?" असे विचारून जाई. दमयंतीबाई मध्ये उरलेल्या बोळाकडे पाहत आणि मनातल्या मनात गाडी आत घेत.

दसऱ्याला गाडी आली. झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली. दमयंतीबाईंनी पदर खोचला, चावी फिरवली, आणि एकाही डब्याला धक्का न लावता गाडी सरळ गॅरेजमध्ये नेली. आम्ही कॉलनीकरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी दमयंतीबाई बाहेर येईनात.

"अहो, दार उघडंना," आतून आवाज आला. एका बाजूला मांडणी होती, दुसऱ्या बाजूला ड्रम.

व्यंकटरावांनी दोन्हीकडून पाहणी केली. "गाडी आत आहे. अट पूर्ण झालेली आहे."

"अन् मी?"

"तुमच्याबद्दल अटीत उल्लेख नाही."

त्यांनी खिडकीच्या फटीतून चहा दिला, बायकोवर त्यांचा जीव होता. चहा देताना त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. सीट रिकामी होती. डिकीही रिकामी होती. एवढी कोरी, छपराखालची, झाकणाची जागा नुसती पडून होती. त्यांनी डिकी उघडली आणि वरवंटा आत ठेवला. मग खोकी. मग थर्माकोलची कमान, तिचे दोन तुकडे करून.

दमयंतीबाई आरशात हे सगळे पाहत होत्या. आधी त्यांना रडू आले, मग राग आला, आणि मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. संसारात इतकी वर्षे काढल्यावर त्यांना व्यंकटरावांची भाषा येत होती.

"अहो, सामान एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचं असलं तर समिती लागती का?"

"छे. ते स्थलांतर. स्थलांतराला निर्लेखन लागत नाही."

"मग मी उपभांडार उघडलंय. मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात. भरा पटापटा, खेपा करते."

उपभांडार हा शब्द ऐकून व्यंकटरावांना तरुण झाल्यासारखे वाटले. गाडी भरली, दमयंतीबाईंनी ती मागे घेतली, पटांगणात रिकामी केली आणि पुन्हा घराशी आणली. आता त्या आत जात नव्हत्या, फाटकाशी थांबून हॉर्न देत होत्या. खेपांवर खेपा झाल्या. मांडण्या सुट्या करून नेल्या, शिड्या गेल्या, कूलर टपावर बांधून गेले. स्कूटर व्यंकटरावांनी स्वतः चालवत नेली. दार मात्र गाडीत मावेना, म्हणून ते सांडूअण्णांनी डोक्यावरून नेले.

"उपभांडाराला राखण आहे ना?" संध्याकाळी व्यंकटरावांनी विचारले.

"अख्खी कॉलनी हाय तिथं," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरे होते.

दसऱ्याची संध्याकाळ म्हणजे सगळी कॉलनी सोने द्यायला मारुतीच्या देवळाशी येते. लोक एकमेकांच्या हातात आपट्याची पाने ठेवत होते आणि जाता जाता पटांगणाकडे बघत होते. महिनोन्‌महिने जे व्यंकटरावांना पाठीमागे हसत होते, तेच आता कूलरचा पंखा बोटाने फिरवून पाहत होते. "दमयंतीकाकू, हे घेऊ का? लागतंच कधीतरी," असे म्हणून जो तो काहीतरी उचलत होता. शिडीवरून दोघांत जरा बाचाबाची झाली, तेव्हा एकाला मोठी आणि एकाला छोटी मिळाली. टीव्हीचे खोके एक जण टीव्ही नसताना घेऊन गेला.

व्यंकटराव सोने वाटायला घरोघर गेले तेव्हा त्यांना घरोघर आपले भांडार दिसले. आम्ही सगळे जरा घाबरलो. त्यांनी प्रत्येक वस्तू हात लावून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एकही वस्तू टाकली गेली नाही," ते म्हणाले. "सगळ्या चालू स्थितीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंतीबाई फर्दापूरला गेल्या, बसून, उजवीकडच्या सीटवर. व्यंकटराव शेजारी बसले होते आणि अधूनमधून मागे वळून रिकाम्या सीटकडे पाहत होते. शाळेतल्या बायांनी बाजरीचे पोते देऊ केले ते दमयंतीबाईंनी घेतले नाही. परत आल्यावर त्यांनी गाडी आत घेतली, तिचे दार सताड उघडले, आणि आपल्या गॅरेजात उतरून उगाचच दोनदा दार लावले.

त्याच आठवड्यात टँकर गल्लीच्या तोंडाशी अडकला. आमच्या सगळ्यांच्या गॅरेजमध्ये सामान आल्यामुळे दुचाक्याही रस्त्यावर आल्या होत्या. लोक फार चिडले. पालिकेने पार्किंगचे नियोजन करायला हवे, असे निवेदन तयार झाले. मीही सही केली. माझ्याकडे फक्त वरवंटा आहे, आणि पाटा मिळाला की तो लगेच कामाला येईल.

ते दार अजून पटांगणात आहे. देवळाच्या भिंतीला टेकून उभे आहे आणि कुणाचेही नाही. तुम्हाला नकोच आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घराला सगळी दारे आहेत, आणि ठेवायला जागाही नाही.

सात बाय तीन. हो, सागवानी.