धुरीकाकांनी पास केलेली खोली

धुरीकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाच्या प्रसादाला. चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि आईने पुढे केलेली वाटी हातात घेण्याआधी विचारलं, "आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली?" आई म्हणाली, "आलात तीच." काकांनी वळून दाराकडे पाहिलं, "म्हणजे एकच," असं पुटपुटले आणि शिरा उंबरठ्यावर उभ्यानेच खाऊन निघून गेले. तूप कमी पडलं असावं, असं आईला कितीतरी दिवस वाटत होतं.

मुलुंड पूर्वेला ते आमच्या समोरच्याच दारात राहतात. धुरी हे त्यांचं खरं आडनाव नाही. ते मी का बदललं, हे पुढे कळेलच. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत होते. काकांनी स्वतः माहुलच्या एका तेल कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला सगळी नोकरी काढली. तिथून निवृत्त झाले, पण सवयीतून काही सुटका झाली नाही. लग्नाला गेले की अक्षता घेण्याआधी हॉलच्या स्वयंपाकघरामागचं दार उघडतं का, ते तपासून येतात. घाटकोपरला एकदा ते दार उघडलं, काका बाहेर गेले आणि ते मागून बंद झालं. मंगलाष्टकं आटोपून पहिली पंगत बसली तरी काका मागच्या गल्लीत कोबीच्या पोत्यांशेजारी उभे होते. आत घेतल्यावर रागावले तर नाहीतच, उलट खूश होऊन म्हणाले, "मला शंका होतीच."

सुलभाकाकी महापालिकेच्या शाळेत गाणं शिकवायची. गोरी, ठेंगणी, सदा हसतमुख, बोलणं अगदी बेताचं. बेताचं म्हणजे काय, काका तिला बोलू देतील तर ना. कुणी विचारलं, काकी चहा घेणार? की काका सांगणार, अर्धा कप, साखर कमी. काकी, गुडघा कसा आहे? काका सांगणार, बरा आहे, तेल लावतो. माझी बायको प्राची यावर फार जळफळायची. आयुष्यभर पोरांना गाणं शिकवलं त्या बाईला हा माणूस स्वतःचा चहासुद्धा मागू देत नाही, असं तिचं म्हणणं. माझंही मत काही वेगळं नव्हतं.

काकीला एकच हौस होती. एखाद्या बेटावर जायचं, निळ्या पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहायचं. तिच्या फ्रिजवर तशा बेटाचं चित्र लोहचुंबकाने चिकटवलेलं असायचं. काकांचा याला नकार कधीच नव्हता. ते म्हणायचे, "मौजेला हरकत नाही. खोली पास झाली पाहिजे." आणि खोली काही पास व्हायची नाही.

हॉटेलांचे फोटो ते मोबाईलवर बोटांनी ताणून ताणून बघत. मला बोलावून दाखवत. "हे बघ नित्या. तीन फोटो समुद्राचे, दोन नाश्त्याचे, एक टॉवेलच्या हंसाचा. जिन्याचा फोटो कुठाय?" मॉरिशसच्या एका हॉटेलला त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं की खोलीचं दार आत उघडतं की बाहेर. हॉटेलने उत्तरादाखल नाश्त्याचा मेन्यू पाठवला. नापास. पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या लाकडी खोल्या बघून तर त्यांना घाम फुटला. चारी बाजूंनी पाणी आणि यायला-जायला एक फळी, याला सुट्टी म्हणत नाहीत, असं ते म्हणाले. आणि ज्या खोलीच्या डोक्यावर माड झुकलेला, ती बघायचीच नाही. तशा खोल्यांचे दर सगळ्यात चढे असतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांची मालवणी उसळून आली. "अरे, माडाखाली कोण झोपता काय?"

अशी सहा-सात वर्षं गेली. या हिवाळ्यात आम्ही अंदमानला जायचं ठरवलं आणि काकीने आमच्या घरी येऊन, काका शेजारी उभे असताना जाहीर केलं, "मी यांच्याबरोबर जाणार. तुम्ही या, नाहीतर नका येऊ. गुडघे आहेत तोवर मला समुद्रात उभं राहायचंय." काकांचा चेहरा पडला. त्यांना हो म्हणणं भागच होतं. पण खोली पास व्हायला हवी, हे त्यांनी तेवढ्यातही घातलंच.

मग पंधरा दिवस माझी वाट लागली. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की काका फोनचा स्पीकर लावून तयार. बेटावरच्या एकेका मालकाला ते आपल्या हिंदीत प्रश्न विचारायचे. "आपके छपरे के ऊपर कितना नारळ है? किनारे से उंचवटा कितना दूर है? धोके का भोंगा बजेगा, तो साथ में बत्ती लगेगा क्या?" या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. निम्मे मालक फोन ठेवायचे. एकाने विचारलं, साहेब, तुम्ही सरकारकडून बोलताय का?

शेवटी मंडल नावाचे एक बंगाली गृहस्थ भेटले. चार खोल्यांचं घरगुती लॉज. त्यांनी फोन हातात घेऊन सगळं आवार फिरून दाखवलं, दारं उघडून दाखवली, समुद्र वर आला तर कुठे पळायचं ती टेकडीवरची शाळा दाखवली. माड मात्र होते. काका ते मोजू लागले. मंडल म्हणाले, "दादा, पेड़ आप चुन लो, नारियल मैं उतार दूँगा." त्या दिवशी काकांनी वहीत लाल पेनने पास लिहिलं आणि समोरच्या दारातून काकीचं गाणं गुणगुणणं ऐकू आलं. जरा बेसूर होतं, पण मला बरं वाटलं.

प्रवासाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की बोटीत दिलेलं लाइफ जॅकेट काकांनी धक्क्यावर उतरल्यावर परत दिलं नाही, माणूस मागे धावत आला तेव्हा दिलं. लॉजवर पोचल्यावर चहाआधी आम्हाला बॅगांसकट टेकडीवरच्या शाळेपर्यंत चालवलं. मंडलही हौसेने आले आणि वर पोचल्यावर त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा. काकी पाण्यात शिरली आणि लहान मुलीसारखी खिदळायला लागली. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभे, नजर काकीवर. बसेनात, बोलेनात. तास झाला तसे ते प्राचीच्या डोळ्यांत खुपायला लागले. "पाच मिनिटं तरी त्या बाईला एकटीला सोडा म्हणावं," ती माझ्या कानात म्हणाली आणि मी बायकोचं ऐकलं. शहाळं प्यायला चला म्हणून काकांना हाताला धरून जवळजवळ ओढतच वर टपरीवर नेलं. ते तीनदा मागे वळले. मी तीनदा म्हटलं, काका, काही होत नाही.

शहाळं हातात आलं आणि खाली शिट्टी वाजली. ओहोटी लागून पाण्याला ओढ आली होती, जीवरक्षक सगळ्यांना बाहेर बोलावत होता. माणसं भराभर बाहेर आली. काकी आली नाही. तोंड समुद्राकडे, पाठ आमच्याकडे, गळ्यापर्यंत पाण्यात शांत उभी. शिट्टी पुन्हा वाजली. प्राचीने काठावरून जीव खाऊन हाका मारल्या. काकी हलली नाही. मी म्हणत होतो, येईल हो, ऐकलं असेल तिने.

काकांनी शहाळं टाकलं आणि धावत सुटले. चष्म्यासकट, पँटीसकट थेट पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात पोचले आणि पहिल्याच लाटेने त्यांना आडवं केलं. मी मागून धावलो तोवर काकीने वळून पाहिलं होतं. तिने नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं आणि दोघं एकमेकांना घट्ट पकडून हळूहळू बाहेर आले. जीवरक्षक दोघांवर खेकसला. काका नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले, "माझी चूक. मीच तिला म्हटलं, थांब, मलाही यायचंय." काकी हसत होती. तिने त्यांच्या कपाळावरची वाळू पुसली.

नंतर टपरीमागे काका शर्ट पिळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला ऐकू येत नाही, नित्या. एक कान पूर्ण गेलाय, दुसरा जातोय. केसांखाली मशीन असतं. पाण्यात जाताना काढून ठेवते."

एवढं लपवायचं कशाला, असं काहीतरी मी विचारलं.

"गाण्याची बाई आहे ती. लोकांना कळलेलं तिला नकोय. कोणी काही विचारलं की ती अंदाजाने उत्तर देते, मग समोरचा हसतो. त्यापेक्षा मी मध्ये बोलतो. मला हसले तर हसू देत." शर्ट झटकून त्यांनी अंगात घातला. "प्राचीलाही सांगू नको."

मला लाज वाटली. त्या माणसाला मीच हाताला धरून काठावरून दूर नेलं होतं. त्या दुपारी प्राची काकांबद्दल कुरकुरली, काकीला मरणाचं दचकवलं म्हणाली आणि मी भात कालवत खाली मान घालून बसलो. लग्नानंतर इतकं अवघड जेवण मी जेवलो नव्हतो.

जेवणानंतर काका आडवे झाले. काकी अंगणात त्यांची ओली पँट वाळत घालत होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "आज फार घाबरले रे हे. यांना पोहता येत नाही. लहानपणी खाडीत बुडता बुडता वाचले, तेव्हापासून पाण्याला भितात. मालवणचा माणूस, कुणाला सांगायची लाज वाटते. म्हणून मला सांभाळायचं निमित्त करून काठावर थांबतात. मला माहीत आहे, असं मीही कधी दाखवलं नाही. सेफ्टीवाले म्हणून लोक हसतात, ते बरं आहे. तू पण कुणाला सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

ती पँटीला चिमटा लावत होती. उत्तराची वाट बघत तशीच थांबली. मी दोरीखालून वाकून तिच्या समोर गेलो, माझे ओठ दिसतील असा उभा राहिलो आणि पुन्हा एकदा, सावकाश म्हणालो.