ओळख न झालेला डबा

काशिनाथअप्पा छर्रे निवडतात. आपण तांदूळ निवडतो ना, अगदी तसे. मांडीवर सूप, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि एकेक छर्रा चिमटीत धरून उजेडाकडे फिरवून बघायचा. सरळ असला तर पितळी वाटीत, कुठं चेपलेला असला तर डालड्याच्या जुन्या डब्यात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, मिरे निवडायलेत. म्हटलं, "अप्पा, एवढा मसाला कुणासाठी?" तर मान वर न करता म्हणाले, "वहिनी, शिसं हाय. हात लावलाव तर धुवून घ्या."

तर हे आमचे शेजारी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरात आजवर अंडंसुद्धा आलं नाही, आणि खांद्यावर बंदूक. बंदूक म्हणजे तुम्ही घाबरू नका, हवेवरची. जत्रेत फुगे फोडायला ठेवतात तिची थोरली बहीण म्हणा. नळी मोडून खाली करायची, मागनं एक छर्रा बसवायचा, परत सरळ करायची आणि चाप ओढायचा. लेकराला पाच मिनिटांत येईल असं काम. अप्पा तेच सात-आठ वर्षं झाली शिकायलेत.

गंगाखेडच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. जन्म सगळा तराजूपुढं गेला. पोरं पुण्याला गेली, बायको गिरिजाक्का वारल्या, दुकान भाड्यानं दिलं. तेव्हा माणूस काय करतो? देवळात बसतो, पेपर वाचतो, दुसऱ्याच्या सुनांच्या चौकशा करतो. अप्पांनी सोनाराचा काटा विकत आणला आणि छर्रे तोलायला घेतले. सगळे एका वजनाचे पाहिजेत म्हणे. मी विचारलं, गुंजभर इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं? माझ्याकडं असं बघितलं, जणू मी दुकानात उभी राहून मापात मारता का म्हणून विचारलंय.

छर्‍यांच्या जाती किती, तर ऐकून डोकं दुखावं. चपट्या डोक्याचे, टोकदार, गोल डोक्याचे. सगळ्यांना खाली पोकळ घागरा असतो, आणि तो घागरा जरा जरी चेपला तर छर्रा भलतीकडंच जातो. टोकदार दिसायला लय फाकडे, पण भरवशाचे नाहीत. हे मला कसं माहीत? कारण अप्पा सांगतात. दळण आणायला निघाले तरी सांगतात, दूधवाल्यापुढं भांडं धरून उभी असले तरी सांगतात. माझ्या मिस्टरांच्या दहाव्याला आले होते, तिथंही मागं बसून कुणाला तरी घागरा समजावून सांगत होते.

त्यांचं एक पालुपद आहे. "ओळख झाली पाहिजे." छर्‍यांचा नवा डबा आणला की बंदुकीची आणि त्याची ओळख करून द्यायची. स्थळ बघायला आल्यासारखा थाट असतो. आधी नळी फडक्यानं पुसायची. मग त्या डब्यातले पहिले काही छर्रे नुसतेच मारायचे, ते धरायचेच नाहीत. ते म्हणे नळीचं तोंड धुणं. मग अप्पा गच्चीवर ज्वारीच्या पोत्यावर बंदूक टेकवून पालथे पडणार. समोरच्या भिंतीला वाळूची पोती, पोत्यांपुढं फळी, आणि फळीला टाचलेली लग्नपत्रिका. कोरी बाजू पुढं. गल्लीतल्या सगळ्या लग्नांची त्या फळीवर चाळण झालीय. घटस्फोट एकाचाच झाला, म्हणून लोक अजून पत्रिका देतात.

एका पत्रिकेवर पाच छर्रे मारायचे. ते पाची एका रुपयाखाली झाकले गेले तर डबा पास. मी एकदा म्हटलं, "अप्पा, पाची लागले खरे, पण मधल्या ठिपक्यापासून वीतभर लांब." तर उठून बसले. "वहिनी, मधोमध पडणं नशीब हाय. एका जागी पडणं हुनर हाय. एका जागी पडायलेत ना? मग नेमाचा काटा थोडा सरकवला की आपोआप मधोमध येतील. पण इखुरले, तर कोणता काटा सरकवणार?"

बंदूक आवळून धरायची नाही, लेकराचं बोट धरल्यासारखी धरायची. चहा पिऊन मारायची नाही, छाती हलते. वारं सुटलं तर नाही. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी चालू असली तर अजिबात नाही, जमीन हलते म्हणे. गिरणीवाल्याला एकदा सांगायलाही गेले होते. त्यानं काय उत्तर दिलं ते मी इथं लिहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप केला तर माणसानं एखादं बक्षीस तरी मिळवलं असेल. नाही. अप्पांना आमच्या गल्लीनं एकच काम दिलंय, वानरं हाकलायचं.

उन्हाळा लागला की आमच्या गच्च्यांवर वाळवणं पडतात. पापड, शेवया, कुरडया, सांडगे. गोदावरीकाठच्या झाडांवरची वानरं त्याचीच वाट बघत असतात. अप्पांनी काय केलं, प्रत्येक गच्चीच्या कोपऱ्याला लोखंडी गजावर एक जुनं ताट टांगलं. वानरं आली की बाईनं हाक मारायची, अप्पा आपल्या गच्चीवरनं छर्रा मारणार, ताट ठणकन वाजणार, वानरं पळणार. ताटाच्या बरोब्बर मधोमध एक खड्डा पडलाय, बाकी ताट लख्ख. कबूल करायला पाहिजे, कधी चुकत नाहीत.

पण वानरांना काय, तासाभरानं परत हजर. पलीकडच्या शकुंतलानं त्यांना कितीदा तरी सांगितलं, की एवढा नेम आहे तर एकाच्या ढुंगणावर बसू द्या एकदा, टोळी जन्मात इकडं फिरकायची नाही. अप्पा म्हणायचे, "ताट बरं हाय." शकुंतला मला म्हणाली, भित्रा आहे माणूस. मीही म्हटलं, वाण्याचा हात, ताटापुढं जाणार नाही.

ह्या उन्हाळ्यात माझ्या नातीचं, पल्लवीचं लग्न निघालं. आमच्यात मुलीकडचं रुखवत मांडतात, आणि त्यात आजीच्या हातच्या कुरडया नसल्या तर विहिणीकडच्या बायका वर्षभर तेच बोलतात. गहू भिजवला, वाटला, चीक काढला, घोटून घोटून शिजवला. माझे खांदे आता पहिल्यासारखे नाहीत. तरी सोऱ्यातनं एकसारख्या पाडल्या, पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी. ह्या माझ्या हातच्या शेवटच्या, असं मनात धरूनच पाडल्या. धुतलेली साडी अंथरून गच्चीवर वाळत घातल्या आणि अप्पांना पत्रिका द्यायला गेले. बजावलं, हिला भोकं पाडायची नाहीत. पत्रिका उलटी करून बघत म्हणाले, "मागनं कोरी हाय का?"

त्याच दुपारी वानरं आली. मी हाक मारली. अप्पा आले वर. बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि थांबले. वानरं साडीवर बसली. टोळीतली काणी, म्हणजे उजव्या डोळ्यानं आंधळी माकडीण, पिलाला पोटाशी धरून थेट ताटाच्या बगलेत कठड्यावर बसली आणि दोन्ही हातांत गुलाबी कुरडई घेऊन खायला लागली. मी परत ओरडले. अप्पांनी बंदूक खाली केली.

"वहिनी, नेहमीचा डबा परभणीत मिळाला न्हाई. हा नवा हाय. याची ओळख झाली न्हाई अजून."

मला आधी कळलंच नाही की हा माणूस काय बोलायलाय. माझ्या नातीचं रुखवत डोळ्यांदेखत माकडाच्या पोटात चाललंय आणि ह्यांना ओळख करून घ्यायचीय. शकुंतला तिच्या गच्चीवरनं म्हणाली, "अप्पा, बंदूक हाय का हळदीकुंकवाची कोयरी, नुसती हातात धरून उभारलाव?" शेवटी मी झाडू घेऊन धावले, गुडघे मोडायचे राहिले. साडी फाटलेली, कुरडयांचा भुगा, आणि कोपऱ्यात ताट तसंच लटकलेलं.

रात्रभर मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. सकाळी ताट गजावरनं काढलं आणि निघाले. हे ताट त्यांच्या पुढ्यात आदळायचं, आणि सांगायचं, की तुमची बंदूक आता नदीत टाका, आम्ही पोरांना गलोली घेऊन देतो. दार उघडंच होतं. हाक न मारताच जिना चढले. चढताना अप्पांचा आवाज आला. कुणाशी तरी बोलत होते, हळू, लेकराला भरवताना बोलतो तसं.

वर बघते तर बंदूक भिंतीला टेकवलेली. अप्पा कठड्यापाशी बसलेले. कठड्यावर काणी, पोटाशी पिलू. अप्पांच्या हातात भाकरी होती. भाकरी कसली, बाईमाणूस घरात नसलेली भाकरी, एका अंगानं करपलेली आणि तीन ठिकाणी फाटलेली. तिचे तुकडे करून ते कठड्यावर मांडत होते, सगळे एकाच बाजूला.

"हिकडं बघ, हिकडं. हिकडं ठिवलंय."

मला बघून काणी पळाली. अप्पा उठले. माझ्या हातातल्या ताटाकडं बघितलं आणि खाली मान घातली. भाषण माझ्या तोंडात होतं, पण तोंडातनं भलतंच निघालं. विचारलं, सगळे तुकडे डाव्या अंगालाच का?

"उजव्यानं तिला दिसत न्हाई."

मी म्हटलं, तारेत अडकून गेला म्हणतात डोळा.

"तार न्हाई वहिनी. मीच."

मग बोलले, थांबत थांबत. गिरिजाक्कांचे पापड वानरांनी नेले म्हणून बंदूक आणली होती. दुकानदारानं बंदुकीबरोबर एक डबा दिला, तो संपला, दुसरा मिळेल तो आणला. त्याच गच्चीवरनं, त्याच पोत्यावरनं, नुसता आवाज करायला पाण्याच्या टाकीवर नेम धरला. टाकी आणि माकडीण यांच्यात हातभर अंतर होतं. तेव्हा ती लहान होती, नुकती आईला सोडून फिरायला लागलेली. गिरिजाक्का आत गेल्या, भाकरी घेऊन आल्या आणि कठड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. होत्या तोवर ठेवत राहिल्या.

"ती गेल्यावर काणी चार दिवस येऊन बसायची. मला कुठं भाकरी येती? पण शिकलो."

मी म्हटलं, एवढं झालं, मग बंदूक टाकली का नाहीत?

"म्या टाकली तर गल्ली गलोली आणंल. त्यांचा नेम कुणी तपासलाय?"

गलोलीचं माझ्याही भाषणात होतं. मी ताट पाठीमागं धरलं.

अप्पांनी फळीवरची पत्रिका काढून माझ्यापुढं धरली. पल्लवीचीच होती, बजावून दिलेली. मागच्या कोऱ्या बाजूवर पाच भोकं. एक वर कोपऱ्यात, एक खाली, दोन लांब उजवीकडं, एक काठावर. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

"त्यो नवा डबा. तीच बंदूक, त्योच नेम, त्योच मी. काल काणी ताटाच्या बगलेत बसलती, पिलू घेऊन. काल मारला असता तर ह्यातलं कोणतं भोक ताटाला पडलं असतं आणि कोणतं तिला, सांगा तुमी."

भाषण जिन्यातच राहिलं. ताट परत घरी आणलं आणि गजावर टांगलं. शकुंतलानं विचारलं, दिलंत का सुनावून? मी म्हटलं, चांगलंच.

गहू परत भिजवला. खांद्यांना काय वाटलं ते खांद्यांनाच माहीत. परत चीक, परत सोऱ्या, परत गच्चीवर साडी. तोवर अप्पांच्या गच्चीवरनं ठप ठप चालू होतं. मी ओरडून विचारलं, "अप्पा, झाली का ओळख?"

"व्हायलीय, वहिनी. गिरणी थांबू द्या."

वेडा तो वेडाच. गिरणीवाल्याकडं मी निरोप धाडला, की जरा तासभर दळण थांबव, लग्नघराचं काम आहे.

मग कुरडया पसरून झाल्यावर एक गुलाबी उचलली आणि कठड्यावर ठेवली. ठेवली, जरा बघितलं, आणि डाव्या अंगाला सरकवली.